कोकणात ट्रेनिंगसाठी सायकल : ३० हजारांत काय घ्यावं?

भाट्येकर | ८ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीत असतो. वय ३८, उंची ५ फूट ७, वजन ७२. दिवसभर खुर्चीचं काम. गेलं वर्षभर जुन्या बिनगिअरच्या सायकलवर पहाटे भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या बाजूला जातो. पूल संपल्यावर जो चढ लागतो त्याच्या मध्यावर माझा जीव जातो. तिथून पुढे मी सायकल नेतो की सायकल मला नेते हे दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या काकांना विचारा, ते रोज हसत पुढे जातात.

जानेवारीत २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) पूर्ण करायची असं मनात आहे. साडेतेरा तास मिळतात. त्यासाठी आतापासून नीट ट्रेनिंग करायचं म्हणतो.

पुण्याचा मित्र म्हणतो, लाखाच्या खाली रोडबाईक बघूसुद्धा नकोस, आणि वर पॉवर मीटर (पायांची ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र) लाव. इथला एक दुकानदार म्हणतो, साहेब रस्ते खराब, १५ हजारांत दोन्हीकडे सस्पेन्शनवाली जाड टायरची घ्या. माझ्याकडे ३० आहेत, ओढूनताणून ३५. त्यातच हेल्मेट, कपडे, पंप सगळं. पावसाळ्यात घरी चालवायला ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) घ्यावा का हेही सांगा.

---

घाटवाट | ८ जून, रात्री १०:३१

दुकानदाराला लांबून नमस्कार करा. त्या किमतीतलं मागचं सस्पेन्शन म्हणजे नुसती स्प्रिंग असते. उभं राहून पेडल मारलं की सायकल बेडकासारखी खालीवर होते, वजन १७-१८ किलो, आणि दोन पावसाळ्यांत सांध्यांतून करकर सुरू. मी चिपळूणचा, अनुभवाने बोलतोय. भंगारात दिली.

---

वॉटमापे | ८ जून, रात्री ११:०५

तुमचा मित्र बरोबर बोलतोय. ट्रेनिंग म्हणजे मोजमाप. पॉवर मीटर नसेल तर तुम्ही फक्त फिरताय. एक वर्ष थांबा, पैसे साठवा, एकदाच चांगलं घ्या. स्वस्त घेतलेली वस्तू दोनदा घ्यावी लागते.

---

घाटवाट | ८ जून, रात्री ११:१२

वर्ष थांबले तर जानेवारी कोणती म्हणायची?

---

जांभाचिरा | ९ जून, सकाळी ६:४०

भाट्येकर, धाग्यावर स्वागत. गुहागर तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे थोडं फळ्यावरचं येईल, चालवून घ्या.

आधी रस्ता बघू, सायकल नंतर. देशावर एकदा घाट चढलात की वर पठार, मग तास-दोन तास सपाट. आपल्याकडे सागरी मार्गावर सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, मग उतार, मग खाडी, पूल, आणि पुलाला लागूनच परत सड्यावर जाणारा चढ. एकेक चढ दीड-दोन किलोमीटरचा, पण वळणावर मध्येच भिंतीसारखा उभा राहतो. आणि दिवसाला असे दहा. २०० किलोमीटरमध्ये किती ते तुम्हीच मोजा. म्हणून इथे सायकल घेताना पहिला प्रश्न 'वजन किती' किंवा 'कंपनी कुठली' हा नाही. सगळ्यात हलका गिअर कोणता, हा आहे.

तुमचं वजन ७२, सायकल १२ आणि पाणी-बिणी २ धरून ८६ किलो. नव्या पण नियमित चालवणाऱ्याला दीडशे वॉट बराच वेळ काढता यावेत. १० टक्के चढावर दीडशे वॉटमध्ये तुम्ही ताशी ६ किलोमीटरच्या आसपास जाणार, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. यात कंपनीचा काही संबंध नाही, हा न्यूटनचा हिशेब आहे. आता ७०० च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्याचे, गुणिले २.१, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते मिळतं.

बिनगिअरची, पुढे ४४ मागे १८ : एका फेऱ्यात ५.१ मीटर. मिनिटाला फेरे फक्त २०. इतक्या हळू कुणी पेडल मारू शकत नाही, म्हणून तुम्ही उतरता. यात तुमच्या पायांचा दोष नाही.

रोडबाईक, ३४ आणि २८ : २.५५ मीटर, फेरे ३९. गुडघे बोलायला लागतात.

रोडबाईक, ३४ आणि ३४ : २.१ मीटर, फेरे ४८.

साधी हायब्रीड (सरळ हँडलची, रोडबाईक आणि जाड टायरवालीच्या मधली), पुढे तीन चक्रं, त्यातलं लहान २८ चं आणि मागे २८ : तेही बरोबर २.१ मीटर, फेरे ४८.

हायब्रीड २८ आणि मागे ३४ : १.७३ मीटर, फेरे ५८.

शेवटच्या तीन ओळी परत वाचा. चढावर पायाला जे लागतं ते २५ हजारांच्या तीन चक्रांच्या हायब्रीडमध्ये महागड्या रोडबाईकइतकंच, किंबहुना जास्त मिळतं. तीन चक्रांची सायकल जुनाट म्हणून लोक नाक मुरडतात, पण कोकणात तीच उपयोगी.

वजनाचं म्हणाल तर सायकल तीन किलोंनी हलकी केली तर ८६ चे ८३ होतात, साडेतीन टक्के. तासभराच्या चढात दोन मिनिटं वाचतील. त्या तीन किलोंना पन्नास-साठ हजार मोजावे लागतात. दोन मिनिटांसाठी द्यायचे तर जरूर द्या, पण बीआरएममध्ये चहाला थांबलात की तेवढी जातात.

शाळेची घंटा झाली. बाकी संध्याकाळी.

---

सड्यावरून | ९ जून, सकाळी ७:१५

सर, हे वर्गात शिकवलं असतं तर मी पण पास झालो असतो.

---

वॉटमापे | ९ जून, सकाळी ९:३०

सर, गणित मान्य. पण तुम्हीच वॉटमध्ये बोलताय आणि वॉट मोजणारं यंत्र नको म्हणताय! दुसरं, आपल्याकडच्या दमट हवेत हृदयाचे ठोके फसवतात. जानेवारीत १४० ठोक्यांना जो वेग मिळतो, त्याच वेगाला ऑक्टोबर हीटमध्ये १५५ दिसतात. छातीचा पट्टा लावून ट्रेनिंग करणारा इथे स्वतःला उगाच आजारी समजतो.

---

समुद्रकाठी | ९ जून, दुपारी २:२०

वेंगुर्ल्याहून. सगळे दात आणि वॉट मोजण्यात रमलेत म्हणून मी बुडाखालचं बोलते.

माझी पहिली सायकल मला १९ इंची फ्रेमची विकली गेली. उंची ५ फूट २. दुकानात म्हणाले, ताई सीट खाली करून देतो, एवढाच साईज शिल्लक आहे. आठ महिने मान आणि मनगट दुखत होतं, मला वाटायचं सायकलिंग असंच असतं. भाट्येकर, साईज चुकला तर बाकी सगळं फुकट. दुकानात जाण्याआधी घरी भिंतीला पाठ लावून, एक जाड पुस्तक दोन पायांत वर पर्यंत घट्ट धरून, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत सेंटीमीटर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ७८ आलं तर ६८.९. पेडलचा दांडा जिथे फ्रेमला बसतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत तेवढी उंची, ही सुरुवात. मग थोडं इकडेतिकडे. आकडेमोड नको असेल तर सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

दुसरं, पॅडवाली शॉर्ट. पहिल्या खर्चात ही घ्या. आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि ५० किलोमीटरला काय झालं ते इथे लिहीत नाही. मऊ जाड सीट कव्हर घेऊ नका. गादी जेवढी मऊ तेवढी ती नको तिथे दाबते. सीटची रुंदी आपल्या बसायच्या हाडांना जुळली पाहिजे, जाडी नव्हे.

तिसरं, दिवे. सकाळी ६ ला सुटलात तर तुमचे साडेतेरा तास संध्याकाळी साडेसातला संपतात. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणजे शेवटचा तास अंधारात, तोही दमलेल्या डोळ्यांनी. मागचा लाल दिवा, पुढचा चांगला उजेड पाडणारा, चमकणारं जॅकेट. आमच्याकडे रस्त्यावर बैल बसलेले असतात आणि त्यांना रिफ्लेक्टर नसतो.

---

बांगडाफ्राय | ९ जून, सायंकाळी ७:४५

मी मालवणचो. मेल्यांनू, पयल्यांदा चेन धुवा, मगे वॉट मोजा! खारो वारो कोणाक सोडणा नाय. किनाऱ्यार फोटो काढूक सायकल वाळूत घालतत आणि मगे माका इचारतत, ह्यो आवाज खयसून येता?

(घरी वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर संपादक रागावतील.)

इथे सायकलचे तीन वैरी. एक मीठ, दोन पाऊस, तीन लाल धूळ. जांभ्याची धूळ तेलकट चेनवर बसली की पॉलिश पेपर तयार होतो. चेन स्वतः झिजते आणि सोबत फ्रीव्हील (मागची दातेरी चक्रं) खाते. म्हणून तेल थोडं, पुसणं जास्त. चेनच्या प्रत्येक कडीवर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, आणि बाहेरचं सगळं जुन्या बनियनने पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर दिसलं की चुकलं. जून ते सप्टेंबर ओल्यासाठीचं घट्ट तेल, दिवाळीनंतर कोरड्यासाठीचं पातळ. खोबरेल विचारणारे आहेत म्हणून सांगतो, ते डोक्याला. चेनवर ते चिकट होतं. गंज सोडवायच्या स्प्रेने चेन चकाचक दिसते पण ते वंगण म्हणून टिकत नाही.

झीज मोजायला यंत्र नको, स्टीलची फूटपट्टी पुरे. पट्टीचा शून्य एका खिळ्याच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये चोविसावा खिळा बरोबर १२ इंचावर येतो. दीड मिलिमीटर पुढे गेला की चेन बदला, सात-आठशेत काम होतं. तीन मिलिमीटर गेला की फ्रीव्हील पण गेलं समजा, नवी चेन जुन्या दातांवरून उडी मारते. आमच्याकडे येणारी दहातली आठ गिऱ्हाईकं तीन मिलिमीटरवाली असायची.

सायकल धुवायला गाडी धुवायचा प्रेशर पंप मारू नका. पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि बाहेर येत नाही. बादली, मग, फडकं. समुद्राकाठून आलात की निदान गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, आंघोळ नसली तरी चालेल. तुमची नव्हे, सायकलची.

---

समुद्रकाठी | ९ जून, रात्री ८:१०

बांगडाफ्राय, सीटच्या दांड्याचं पण सांगा ना! माझ्या त्याच सायकलचा दांडा दोन पावसाळे न हलवता राहिला. फ्रेम लोखंडी, दांडा ॲल्युमिनियमचा. विकायला काढली तेव्हा घेणारीची उंची वेगळी, सीट हलवायला गेलो तर जागचा हलेना. गरम पाणी, तेल, हातोडी, दोघे जण लटकून. शेवटी मेकॅनिकने हॅकसॉचं पातं आत घालून दांडा उभा चिरला. पहिला अर्धा तास आम्ही चहा करून दिला, नंतर तो बिचारा घामाघूम आणि आम्ही गप्प. सकाळी सुरू केलेलं दुपारी जेवायच्या वेळेला सुटलं. बाहेर आला तेव्हा दांड्यावर पांढरी पूड, चुन्यासारखी.

---

बांगडाफ्राय | ९ जून, रात्री ८:३२

ताई, तीच ती. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. ॲल्युमिनियम आपला जीव देतो आणि पूड फुगून दांडा आत जखडतो. उपाय पन्नास रुपयांचा: नवी सायकल आणली की पहिल्याच दिवशी दांडा काढून ग्रीस लावा, मग दोन महिन्यांनी एकदा काढून पुसून परत. पेडलच्या आट्यांना पण तसंच. डावं पेडल उलट आट्याचं असतं हे विसरून ताकद लावू नका, आणखी आवळून बसाल.

---

चाकरमानी | १० जून, सकाळी १०:०२

मी गावी चार दिवस येतो, उरलेले दिवस डोंबिवलीत. जुनी सायकल घ्यायला कुणी सुचवलं नाही याचं आश्चर्य वाटतं. मोठ्या शहरांत उत्साहाने घेतलेल्या सायकली गॅलरीत कपडे वाळत घालायला असतात. दोन वर्षांची हायब्रीड निम्म्या किमतीत मिळते. फक्त किनाऱ्यावरच्या गावातली जुनी घेऊ नका, वर वाचलंच असेल.

बघताना : फ्रेमचे सांधे, विशेषतः पुढे हँडलखाली, रंगाला केसासारखी चीर आहे का. फूटपट्टी सोबत न्या, चेन मोजा. फ्रीव्हीलचे दात शार्क माशासारखे टोकदार झालेत का. रिमब्रेक (चाकाच्या कडेला रबर दाबणारा) असेल तर रिमच्या कडेवर बोट फिरवा, आत खोलगट लागली तर रिम संपली. चाक धरून डावीउजवीकडे हलवा, खडखड नको. आणि सीटचा दांडा हलतो का, हे समुद्रकाठींच्या नावाने.

---

भाट्येकर | १० जून, रात्री ९:१५

एवढं सगळं! मी दोन दिवसांत फूटपट्टी आणली आणि जुन्या सायकलची चेन मोजली. पाच मिलिमीटर. पुढे काही विचारत नाही.

बायकोने पुस्तक धरून मोजायचा प्रकार पाहिला आणि 'हे कुठल्या आजाराचं' असं विचारलं. ७९ आलं.

टायर कोणते घ्यावेत? आणि ट्रेनरचं कुणी बोललंच नाही.

---

घाटवाट | १० जून, रात्री ९:५८

टायर : ३२ मिलिमीटर रुंदीचे. मित्र २५ म्हणेल, दुकानदार दोन इंची म्हणेल, तुम्ही ३२ म्हणा, गुळगुळीत किंवा अगदी बारीक नक्षीचे. २५ मध्ये ९०-१०० पीएसआय भरावे लागतात आणि आपल्या रस्त्यावर तेवढ्या कडक टायरने दात हलतात. ३२ मध्ये तुमच्या वजनाला ५५-६० पुरे. सायकल वेग फारसा गमावत नाही, ओल्या वळणावर धरते जास्त. हवा अंगठ्याने दाबून नव्हे, काटा असलेल्या उभ्या पंपाने भरा. तो पंप टाळायच्या यादीत टाकू नका, आठवड्याला एकदा लागतोच.

व्हॉल्व्ह बघून घ्या. बारीक व्हॉल्व्हच्या ट्यूब आपल्याकडे तालुक्याच्या गावी मिळतीलच असं नाही. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. एकंदरीतच सात-आठ गिअरचे पार्ट इथे मिळतात, अकरा-बाराचे कोल्हापूर-पुण्याहून मागवावे लागतात, हेही किमतीत धरा. ब्रेक डिस्क मिळाले तर उत्तम, तारेवरचे. तेलावरचे छान चालतात पण बिघडले तर गावात कुणी हात लावत नाही. रिमब्रेकही चालतात, फक्त पावसात रबरात अडकलेले खडे काढत जा, नाहीतर रिम घासली जाते. आणि जुलैत चिरेबंदी पाखाडीवर (दगडी पायवाटेवर), शेवाळावर कोणताही टायर धरत नाही. तिथे उतरून चाला, लाज कसली.

---

वॉटमापे | १० जून, रात्री १०:४०

ट्रेनर घ्यायचा तर स्मार्टच, मोबाईल-कॉम्प्युटरला जोडता येणारा. साधा म्हणजे भिंतीकडे बघत बसणं.

---

सड्यावरून | १० जून, रात्री १०:४४

आमच्याकडे जुलैत लाईट एकदा गेली की बारा तास भिंतही दिसत नाही.

---

जांभाचिरा | ११ जून, सकाळी ६:२०

सड्यावरूनचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक स्मार्ट ट्रेनरना चालू विजेची गरज असते आणि आपल्याकडे पावसाळ्यात नेमकी तीच नसते. मागचं चाक ज्यावर टेकतं तो साधा चुंबकवाला ट्रेनर वीज मागत नाही. जुना चार-पाच हजारांत मिळावा. घेण्याआधी बघा की तुमच्या मागच्या चाकाचा आस त्यात बसतो का, नटवाल्या चाकांना कधी कधी वेगळा जोड लागतो. टायर गुळगुळीत हवा, गाठीगाठींचा लावलात तर शेजारी गिरणी सुरू झाली समजून पीठ दळायला येतील. पडवीत लावा, पंखा समोर, हँडलवर टॉवेल. घामातही मीठच असतं, बांगडाफ्राय सांगतीलच.

आता वॉटमापेंना उत्तर. दमट हवेत ठोके चढतात हे त्यांचं खरं आहे, मी आधी विचार केला नव्हता. तरी पॉवर मीटरला पर्याय आहे, आणि तो भाट्येकरांच्या पुलापलीकडे उभा आहे.

समजा एक चढ १२० मीटर उंचीचा, लांबी २ किलोमीटर. एकूण वजन ८६ किलो. वर जायला ९ मिनिटं, म्हणजे ५४० सेकंद लागले. ८६ × ९.८१ × १२० भागिले ५४० = १८७ वॉट. हे फक्त उंची चढायचे. टायरचं घर्षण आणि वारा मिळून आणखी तीसेक धरा. आकडा नेमका किती याने फार फरक पडत नाही, कारण चढ हलत नाही. पुढच्या महिन्यात त्याच वजनाने तोच चढ साडेआठ मिनिटांत झाला तर ताकद वाढली, एवढं नक्की. मोबाईलमधल्या उंचीवर विसंबू नका, ती भरकटते. घड्याळ भरकटत नाही. वारा पडलेला असताना, पहाटे, दर दोन आठवड्यांनी एकदा जीव तोडून. तेवढंच.

बाकीचे दिवस बहुतेक सगळं आरामात. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे इतकंच. आठवड्यात एकदा त्याच चढावर चार-पाच फेऱ्या, चढताना जोर, उतरताना विश्रांती. देशावरच्या लोकांना अशा फेऱ्यांसाठी चढ शोधत जावं लागतं, आपल्याला टाळता येत नाही. रविवारी लांबची, दर वेळी थोडी वाढवत. गणपतीपुळ्याला आरेवारेवरून जाऊन परत या, मग पुढे जयगडपर्यंत, मग फेरीबोटीने तवसाळला उतरून माझ्याकडे चहाला.

---

वॉटमापे | ११ जून, सकाळी ८:५०

चढाचं मान्य. सपाटीवर वाऱ्यात हे गणित चालणार नाही, एवढं नोंदवून ठेवतो. आणि चहाला मी पण येणार.

---

संपादक | ११ जून, दुपारी १२:००

खोबरेल तेल कुठल्या कंपनीचं चांगलं यावरच्या अकरा प्रतिक्रिया वेगळ्या धाग्यात हलवल्या आहेत.

---

पालीकर | १९ जून, रात्री ९:०३

उशिरा येतोय. बजेट आणखी कमी असलेल्यांसाठी कुणीच काही लिहिलं नाही म्हणून. माझ्याकडे दहा हजार होते, कॉलेजात असताना. जुनी सात गिअरची घेतली साडेपाच हजारांना, मागचं फ्रीव्हील ३४ चं टाकलं, टायर बदलले, हेल्मेट आणि मागचा दिवा. मोबाईल खिशात, मनगटावर वडिलांचं घड्याळ. त्याच सायकलवर साखरप्यापासून आंबा घाट चढलोय, कुठेही न उतरता. हळू, पण न उतरता. आता नोकरी लागली, साठ हजारांची रोडबाईक आहे. फरक आहे, खोटं बोलणार नाही. खाली वाकून धरता येतं त्यामुळे समोरच्या वाऱ्यात सोपं जातं आणि पाच-सहा तासांनंतर हात बदलायला जागा मिळते. लाखाचं मित्राकडे चालवून पाहिलंय, साठ आणि लाखातला फरक मला कळला नाही. दहा आणि साठमधला कळतो.

हेल्मेटवर मात्र काटकसर नको, आणि एकदा आपटलेलं परत वापरू नका, बाहेरून धड दिसलं तरी.

---

समुद्रकाठी | १९ जून, रात्री ९:४०

लांबच्या फेरीसाठी बाटलीत कोकम आगळ, साखर आणि चिमूटभर जास्त मीठ. पाकिटातल्या पावडरी बाजूला ठेवा. बाटली मात्र रोज धुवा, नाहीतर आत जे उगवतं ते बघवत नाही.

---

भाट्येकर | १४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मंडळी, चार महिन्यांनी हजेरी लावतोय. हिशेब देणं लागतो.

कोल्हापूरला एका गृहस्थांकडे तीन वर्षांची हायब्रीड मिळाली, १६,००० ला. पुढे तीन चक्रं, लहान २८ चं. फूटपट्टी घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, तुम्ही सुतार आहात का? चेन दीड मिलिमीटरच्या पुढे होती, तेवढ्यावर हजार कमी करून घेतले. मागे ३४ चं फ्रीव्हील (मागच्या डिरेल्युअरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाला, झेपतं का ते आधी विचारून) आणि नवी चेन १,६५०. ३२ चे टायर २,४००. शॉर्ट १,९००. हेल्मेट १,८००. दोन दिवे मिळून १,७५०. काट्याचा पंप १,३००. चुंबकवाला ट्रेनर, जुना, ४,५००. एकूण ३१,३००.

ट्रेनर पडवीत. जुलैत सलग नऊ दिवस बाहेर पडता आलं नाही, त्यातले चार दिवस लाईट नव्हती, कंदील लावून चालवली. शेजारच्या आजी रोज विचारायच्या, पोचलास का रे?

सीटचा दांडा आणल्या दिवशी काढला, ग्रीस लावलं. गेल्या आठवड्यात परत काढला, पूड नाही. चेन काल मोजली, बारा इंचाला अर्धा मिलिमीटर.

पुलापलीकडचा चढ : ऑगस्टच्या शेवटी पहिल्यांदा न उतरता, ११ मिनिटं २० सेकंद. परवा ९ मिनिटं ४० सेकंद. दुधवाले काका आता हसत नाहीत, हॉर्न देतात. दोन रविवारांपूर्वी जयगडपर्यंत जाऊन आलो, फेरीबोट डोळ्यांनी पाहिली, चढलो नाही. सर, चहा बाकी आहे.

चुकलेलं एकच. दिवाळीनंतर घ्यायचं पातळ तेल सप्टेंबरातच घातलं आणि दुसऱ्या दिवशी असा पाऊस लागला की चेन सकाळी भगवी. बांगडाफ्राय, माफ करा.

---

बांगडाफ्राय | १४ ऑक्टोबर, रात्री ८:५५

माफी नाय. पुसून घट्ट तेल घाल, आणि पाऊस पुरतो गेल्याशिवाय बाटली बदलू नको.

---

जांभाचिरा | १४ ऑक्टोबर, रात्री ९:२०

११:२० वरून ९:४०. वजन तेवढंच असेल तर ताकद सतरा टक्क्यांनी वाढली. वजन केलं का?

---

भाट्येकर | १४ ऑक्टोबर, रात्री ९:२६

सर, ६९. गणित सोडवून टाका, मी चढतो.

---

पालीकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

जुन्या बिनगिअरच्या सायकलचं काय करणार? माझ्या भाच्याला शाळेत जायला हवी आहे, उंची ५ फूट २. वाटेत चढ नाही.

---

भाट्येकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:४२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. चेन तेवढी नवी टाकून देतो.